'आपल्या घरांत असलं काही नसतं' म्हणणाऱ्या सरांना

सर, तुमची प्रतिक्रिया आली त्याच रात्री वाचली. लगेच लिहायला बसले असते तर भलतंच काही लिहून गेले असते, म्हणून थांबले. तुम्ही नाव दिलेलं नाही, 'निवृत्त शिक्षक, दोन मुलींचा बाप' एवढंच लिहिलंय. म्हणून सर म्हणते.

मूळ लेख ज्यांच्या नजरेतून सुटला त्यांच्यासाठी सांगते. रेनबो रॉवेल यांच्या 'एलिनॉर अँड पार्क' या कादंबरीवर मी लिहिलं होतं. 1986 सालचं अमेरिकेतलं ओमाहा शहर, शाळेच्या बसमध्ये नाइलाजाने शेजारी बसलेली दोन मुलं, आणि मुलीच्या घरी दारू पिणारा सावत्र बाप. नववी-दहावीतल्या मुलांनी अशा प्रेमकथा वाचाव्यात आणि मराठीतही त्या लिहिल्या जाव्यात, असं माझं म्हणणं होतं. त्यावर सरांचे आक्षेप असे: अशा पुस्तकांनी मुलं आईबापांचे दोष काढायला शिकतात, घरच्या त्रासावर प्रेम हा इलाज दाखवलाय तो चुकीचा, पुस्तकं महाग असतात, आणि 'ही अमेरिकेची दुखणी, तिथल्या पालकांना सगळं चालतं, आपल्या गोव्यातल्या घरांत असलं काही नसतं. बाईंनी स्वतः संसार केला असता तर हे कळलं असतं.'

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण लागलं तेच. माझा संसार आहे की नाही, याचा त्या कादंबरीशी काय संबंध? वर्गात एखाद्या मुलीचं उत्तर पटलं नाही म्हणून तुम्ही तिच्या घरादारावर गेला असतात का? लेखात मी एकाही पालकाला नाव ठेवलं नव्हतं. मतभेद जरूर असावेत, पण चारचौघांत बाईमाणसाला तिच्या संसारावरून बोलणं हा मुद्दा होत नाही, तो टोमणा होतो. शिक्षकाच्या तोंडी तर तो मुळीच शोभत नाही.

पुस्तकं महाग असतात, हे मात्र तुमचं खरं. पणजीला पाट्टोवर सेंट्रल लायब्ररी आहे, पण काणकोणच्या किंवा वाळपईच्या मुलाला ती रोज कुठे जमणार? हा मुद्दा लेखात यायला हवा होता.

आता 'गोव्यातल्या घरांत असलं काही नसतं' याकडे येते.

सर, माझं माहेर डिचोली तालुक्यातलं. बाबांचा खनिजाचा ट्रक होता, बँकेचं कर्ज काढून घेतलेला. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा मी नववीत होते. ट्रक अंगणाच्या कडेला निळी ताडपत्री घालून उभा राहिला. पावसाळ्यात आईने त्याच्या मागच्या चाकापाशी दोडक्याचा वेल लावला. वेल फाळक्यावर चढला, त्याला फुलं आली, आणि एका सकाळी बाबांनी तो मुळासकट उपटून रस्त्यावर फेकला. आई काही बोलली नाही. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलेनाशी झाली. 'बाबांना सांग, जेवायला वाढलंय.' 'तुझ्या आईला सांग, भूक नाही.' दोघं एकाच खोलीत, हाताच्या अंतरावर, आणि निरोप पोचवायचा मी. जत्रेला मात्र तिघं मिळून देवळात जायचो, आई नवी साडी नेसायची, आणि शेजारीपाजारी म्हणायचे, काय छान कुटुंब. तुम्ही तेव्हा आमच्या गावात शिकवत असतात तर तुम्हीही हेच म्हटलं असतं.

ही एकट्या आमच्या घराची गोष्ट नाही. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लीज रद्द केल्यावर खाणी पुन्हा थांबल्या, आणि खाणपट्ट्यातल्या कितीतरी घरांत तेच सगळं नव्याने सुरू झालं. ज्यांचा खाणीशी संबंध नाही, त्यांची घरं बघा. आपल्याकडे 1870 पासून पोर्तुगीज नागरी कायदा आहे. बापाला मुलांचा निम्म्या मालमत्तेवरचा हक्क मृत्युपत्राने डावलता येत नाही. कायदा चांगलाच आहे, मुलींना त्याने वाटा दिला. पण वडिलोपार्जित घर विकायचं तर सगळ्या वारसांच्या आणि त्यांच्या नवराबायकांच्या सह्या लागतात, आणि एक सही अडली की इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधल्या वाटणीचा दावा, वर्षानुवर्षं कोर्टात पडून राहते. तोवर अर्ध्या खोल्यांना कुलपं, एका विहिरीवर दोन पंप, आणि सोप्यावर समोरासमोर बसूनही न बोलणारे दोन भाऊ. त्या घरात मुलं वाढतात, सर. कुठल्या काकांना हाक मारायची नाही हे त्यांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. ज्यांचे वडील जहाजावर किंवा आखातात आहेत, त्यांची घरं तर मी अजून मोजलेलीच नाहीत.

अशा घरातली पंधरा वर्षांची मुलगी प्रेमकथा का वाचते, याचा कधी विचार केलात? मी का वाचायचे ते सांगते. दोन माणसं एकमेकांशी नीट बोलताना कशी दिसतात, ते मला बघायचं होतं. घरी ते दिसत नव्हतं. वाचनालयातल्या प्रेमकथांत बंगला असायचा, हसरे आईवडील असायचे, आणि शेवटी मंगलाष्टकं. त्या वाचून मला वाटायचं, आमचंच घर तेवढं नासकं आहे. एलिनॉरच्या घरात पाच भावंडांना मिळून एक खोली आहे आणि न्हाणीघराला दार नाही, म्हणून सावत्र बाप यायच्या आत ती घाईघाईने आंघोळ उरकते. हे वाचलं तेव्हा मी कॉलेज सोडून बरीच मोठी झाले होते. तरीही पुस्तक बाजूला ठेवून रडले. चौदाव्या वर्षी ते हातात पडलं असतं तर आमच्या घराची लाज मला इतकी वर्षं वाटली नसती. एवढ्याचसाठी तो लेख लिहिला होता.

तिथल्या पालकांना सगळं चालतं, हेही खरं नाही. 2013 मध्येच मिनेसोटातल्या पालकांनी याच पुस्तकावर आक्षेप घेतला आणि लेखिकेची ठरलेली भेट रद्द झाली. त्यांचा राग भाषेवर आणि शारीरिक उल्लेखांवर होता. आमच्या घरांत असलं नसतं, असं काही त्यांनी म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही.

प्रेमाचा इलाज म्हणाल, तर तुम्ही कादंबरी वाचलेली दिसत नाही. पार्क तिला घेऊन संसार थाटत नाही. तिला दुसऱ्या राज्यातल्या नातेवाइकांकडे गाडीने पोचवतो आणि एकटा परत येतो. यावर आणखी लिहीत नाही. आणि आईबापांचे दोष काढायला मुलांना पुस्तक लागत नाही, ती आपल्याला रोज बघत असतात.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. लेखही आहे तसाच राहील. संसाराबद्दलचं ते वाक्य तुम्ही आपणहून मागे घ्यावं, एवढी माझी अपेक्षा आहे. त्यानंतर कादंबरी वाचून तुम्ही जे लिहाल त्याला मी मुद्देसूद उत्तर देईन.