फिरायच्या यादीत स्वच्छतागृहही लिहा

'एका दिवसात नागपूर' या लेखात दीक्षाभूमी, झिरो माइल, महाराजबाग, फुटाळा सगळं छान आलंय. पण बाईमाणसाच्या मनात सकाळपासून घोळणारा प्रश्न, 'मधे जायचं कुठे?', तो मात्र राहिला. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि त्या उन्हातही कितीतरी जणी बाहेर पडल्यावर पाणीच पीत नाहीत, कारण स्वच्छ जागा मिळेल याची खात्री नसते. त्यातून उष्माघात होतो, लघवीचा संसर्ग होतो. मधुमेही मंडळींचे आणि लहान मुलांचेही हेच हाल.

माझा अनुभव असा की मेट्रो धरून फिरलं तर बरं पडतं. ऑरेंज आणि अॅक्वा या दोन्ही मार्गिका बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारपेठेजवळ, भेटतात, आणि तिथल्या स्टेशनातलं स्वच्छतागृह बाजारातल्या कुठल्याही मुतारीपेक्षा चांगलं वाटलं. बर्डीच्या गर्दीत शिरण्याआधीच तिथे जाऊन घ्यावं. पेट्रोल पंपावरही निःसंकोच विचारा. बाजारातल्या एका ठिकाणी मात्र भरदुपारी महिलांच्या बाजूला कुलूप होतं आणि चावी कुणाकडे, हे शेजारच्या दुकानदारालाही ठाऊक नव्हतं. फार संताप आला. निदान पुढच्या लेखात प्रत्येक ठिकाणासमोर एवढं लिहाच: स्वच्छतागृह आहे का, उघडं कधी असतं, आत पाणी येतं का.