लिंक उघडली का?

बावीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर दुसऱ्यांच्या बातम्यांची शेपटं छाटली आणि गेल्या जूनमध्ये पत्रकारितेचा प्राध्यापक झालो. लेक दहावीला ९२ टक्के घेऊन आली तेव्हा मी “आठ कुठे गेले?” एवढंच विचारलं होतं. तोच मी, पण विद्यार्थ्यांची वेबसाइट निघाल्यापासून माझं काही खरं राहिलेलं नाही.

२४ मुलं, सहा गट, प्रत्येक गटाची एक शोधून काढलेली बातमी. शुभारंभाला मुहूर्त धरला ६ जानेवारीचा. १८३२ साली याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं, तेव्हा तेही तुमच्याच वयाचे होते, असं वर्गात सांगताना माझा गळा दाटून आला. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, त्यांना फॉलोअर्स किती होते?”

“वर्गणीदार होते. पैसे देणारे.”

वर्ग पहिल्यांदाच गंभीर झाला.

पहिल्या दिवशी साइटवर १११ भेटी नोंदल्या गेल्या. त्यातल्या ३९ माझ्याच होत्या, हे एका खवट मुलाने पुराव्यानिशी दाखवून दिलं. मग मी लोकांच्या मागे लागलो. आधी लिंक पाठवायची, तासाभराने फोन करायचा, “उघडली का?” मेहुण्याने फोन उचलणं सोडलं. दातांच्या डॉक्टरांकडे तर माझं तोंड उघडं आणि हातातला मोबाइल त्यांच्या नाकासमोर! एका बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगत होती, तेव्हा मी बाळाच्या मामाच्या कानात वेबसाइटचा पत्ता सांगत होतो. बायको घरी येईपर्यंत बोलली नाही. सोसायटीतले एक आजोबा मात्र प्रेमाने म्हणाले, “छापून आलं की सांगा, कात्रण ठेवतो.”

पण अभिमान वाटू नये तर काय! याच मुलांचा पहिला मसुदा ‘पुण्यातील वाहतूक ही एक ज्वलंत समस्या बनली आहे’ असा सुरू होत होता. मी विचारलं, “ज्वलंत? अग्निशमन दलाला कळवलंत का?” कोण, कुठे, किती वाजता, हे स्वतः बघून या, म्हणून हाकललं. तर पोरं खरंच सकाळी आठला नळ स्टॉपला उभी राहून बिनहेल्मेटवाले मोजायला लागली. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मुळातून वाचून आली. मी शिकवत गेलो : गाडीचा नंबर धूसर करा, ओळखीचा म्हणून कुणाला सोडू नका, आणि समोरच्याची बाजू घेतल्याशिवाय बातमी लावायची नाही.

पाच गटांच्या बातम्या लागल्या. हेल्मेटवाल्यांची मात्र अडून बसली. रोज विचारलं की “सर, एक प्रतिक्रिया बाकी आहे.” शेवटी प्राचार्य मॅडमना साइट दाखवायचा दिवस उजाडला. मी म्हटलं, असेल तशी दाखवा, कच्ची तर कच्ची. कॉन्फरन्स रूममध्ये मोठा पडदा, सगळा स्टाफ, चहा, बिस्किटं.

पडद्यावर मुख्य फोटो आला. पाठमोरा स्कूटरस्वार, टक्कल उन्हात चमकतंय, हेल्मेट आरशाला लटकवलेलं. ओळ होती : ‘हेल्मेट आहे, डोकं कुठे आहे?’ नंबर अगदी व्यवस्थित धूसर केलेला. खांद्यावरची हिरवी शबनम मात्र लख्ख दिसत होती, बंदाला लावलेल्या सेफ्टी पिनसकट.

मॅडमनी पडद्याकडे पाहिलं. मग माझ्या खुर्चीला अडकवलेल्या शबनमकडे पाहिलं. मग बिस्किट चहात बुडवलं आणि ते तिथेच राहिलं.

“फोटो उत्तम आहे,” मी घसा खाकरत म्हणालो. दुसरं काय म्हणणार, मार्क मलाच द्यायचे होते. “पण या... या गृहस्थांची बाजू घेतलीत का?”

गटप्रमुख मुलीने वही उघडली, पेनाचं टोपण काढलं.

“त्यासाठीच थांबलोय, सर. तुम्हाला आत्ता वेळ आहे का?”