युगांडातला हापसा आणि आपलं अर्पण

परदेशातल्या गरिबांसाठी चर्चच्या मंडळीत अर्पण गोळा झालं की ठरलेलं असतं: नवीन बोअर मारायचा, शेजारी देणगीदारांच्या नावाची फरशी बसवायची, पाळकसाहेबांनी प्रार्थना करून पहिला हपका मारायचा. फोटो छान येतो. पण त्याच गावात दोन हापसे बंद पडलेले असतील तर तिसरा कशाला? आधी ते दुरुस्त करा, असं माझं स्पष्ट मत आहे.

सोलापूरच्या मंडळ्यांना तर हे कळायलाच हवं. युगांडात ज्या हापशाला यू-टू म्हणतात तो आपलाच इंडिया मार्क टू, आणि मार्क टू घडला तो सोलापूर पंप या आधीच्या हापशावरून. त्याआधीचे बिडाचे पंप एका घरापुरते होते. अख्खं गाव हापसायला लागलं की मोडायचे.

मार्क टूचं दुखणं वेगळं. 40 हपक्यांत साधारण 15 लिटर पाणी पडायला हवं. तेवढं पडत नसेल तर बहुधा खाली पाण्यात बुडालेल्या सिलिंडरमधला वायसर झिजलेला असतो. सकाळी बराच वेळ कोरडं हापसावं लागतं आणि मग धार नीट लागते? मग खालच्या व्हॉल्व्हचं रबर गेलंय किंवा पाइपाचा जोड गळतोय. वायसर तळहातावर मावेल एवढाच, पण तो बदलायला सगळं वर ओढावं लागतं. 30 मीटर खोलीवर सिलिंडर असेल तर 3 मीटरचे दहा जीआय (जस्ताचा थर दिलेले लोखंडी) पाइप, आतले रॉड आणि सिलिंडर मिळून रिकामं वजनच सव्वाशे किलोच्या आसपास. पाइपात पाणी अडलं तर आणखी. पान्हे, क्लॅम्प आणि चार-पाच धडधाकट माणसं गावात नसली की हापसा तसाच पडून राहतो. मार्क थ्री या पुढच्या हापशात नुसते रॉड ओढून वायसर निघतो, मात्र त्याला जाड पाइप लागतो आणि खर्च वाढतो.

दुसरी गोष्ट इथून निघताना कुणी विचारतच नाही: तिथल्या पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा आकडा, किती? साडेसहाच्या खाली असेल तर जीआयचा जस्ताचा थर टिकत नाही, पाइप आतून गंजतो. पाणी तांबूस येतं, चहा काळा पडतो, पांढऱ्या कपड्यांवर डाग बसतात. बायका घागर घेऊन परत ओढ्यावर. हापसा मोडलेला नसतो बरं का, नकोसा झालेला असतो. तिथे स्टेनलेस स्टीलचा नाहीतर प्लॅस्टिकचा पाइपच हवा. पीएच तपासायची पट्टी विमानाच्या तिकिटापुढे फुकटच म्हणायची.

पैशाचंही बघा. नोंदणीकृत ट्रस्टने भारताबाहेर केलेल्या खर्चाला, विशेष मंजुरी नसेल तर, आयकराची सूट मिळत नाही. सीएला आधी विचारा, थाळी नंतर फिरवा.

आणि मंडळीतर्फे तिकडे जाणाऱ्या पोरांच्या बॅगेत जुने कपडे कोंबू नका, तिकडच्या बाजारात त्यांचे ढीग आहेत. पिवळ्या तापाची लस मात्र निघण्याआधी किमान 10 दिवस घ्या. लशीचं कार्ड नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावरून विलगीकरणात जाल.