धरा जरा ही वायर

परवा शनिवारी भर दुपारी तपकीर गल्लीत एका दुकानासमोर मी जवळजवळ दहा मिनिटं हातात एक उघडी वायर धरून उभी होते. करंट नव्हता तिच्यात, तेवढी अक्कल मला आहे, पण येणाऱ्याजाणाऱ्यांना ते कुठून कळणार, आणि दोघातिघांनी तर थांबून वाट पण पाहिली. कसली ते मला विचारू नका.

तर मी मार्चमध्ये थेरेमिन नावाचं वाद्य घेतलं. सेकंडहँड, १४ हजार, बाणेरच्या एका मुलाकडून, तो जर्मनीला निघाला होता आणि घरातलं सगळं विकत होता. मी खरं म्हणजे त्याचं बुकशेल्फ बघायला गेले होते.

लाकडी पेटी असते. उजवीकडे एक उभा रॉड, डावीकडे एक आडवी कडी, आणि दोन्हीला हात लावायचा नाही, नुसते हवेत हात हलवायचे. उजवा हात रॉडजवळ नेला की सूर चढतो, डावा कडीजवळ नेला की आवाज बारीक होतो. पट्ट्या नाहीत, तारा नाहीत, पडदे नाहीत. सूर नेमका कुठे उभाय हे फक्त कानाला कळतं, आणि माझा कान हार्मोनियमवर वाढलेला, म्हणजे आयत्या सुरांना सोकावलेला. तीन महिने रोज अर्धा तास करून मी आत्ता कुठे सा वरून प वर, मधे मांजर न चिरडता, जायला लागले होते. सासूबाईंनी पहिल्या दिवशी बघितलं आणि म्हणाल्या, "शिवायचं नाही? मग सोवळ्यातलंच आहे की हे." त्यानंतर त्यांनी त्याला कधीही नाव ठेवलं नाही. सोसायटीत मात्र वहिनींनी कॅसिओ घेतला अशीच बातमी आहे. आपल्याकडे वायरवर चालणारं कुठलंही वाद्य कॅसिओच असतं, ते सोडून द्या.

तर मागच्या आठवड्यात राउटरचा अ‍ॅडॉप्टर जळला. चिरंजीवांनी घरात दिसलेला पहिला काळा अ‍ॅडॉप्टर, म्हणजे माझा, राउटरला लावून पाहिला, चालला नाही, म्हणून "हा पण गेलाय" असा निकाल देऊन दोन्ही भंगारवाल्याला दिले. अरे, तो चालला नाही कारण राउटरला पिनच्या आतून प्लस लागतो आणि माझ्या पेटीला आतून मायनस! चिरंजीव इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. त्यांची फी मी इथे लिहीत नाही, बीपीची गोळी चालू आहे. आणि गंमत म्हणजे त्याच घरात एक बुटाचं खोकं आहे, त्यात २००६ पासूनचे मेलेल्या मोबाइलचे चार्जर आहेत, त्यातला एक कधी कोणी भंगारात दिला नाही. "असू दे, लागेल कधीतरी."

पिन बरोबर बसते का बघायला पेटीच न्यावी लागते. सम-विषम तारखेच्या भानगडीत नको पडायला म्हणून गाडी मंडईत लावली आणि तिथून चालत, खांद्याला पिशवी, पिशवीतून रॉड वर आलेला. वाटेत एका बाईंनी विचारलं, "पडद्याचा रॉड कुठे मिळाला हो? एकच दिला का?"

तपकीर गल्ली ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पुण्यात बुधवार पेठेतली एवढीशी गल्ली आहे, पण वायर, पिन, दिवा, मोटर, रिमोट, जगात विजेवर चालणारं जे काही आहे त्याचा सुटा भाग तिथे मिळतो, फक्त दुकानदाराला तो तुम्हाला द्यावासा वाटला पाहिजे. मी विचारत होते अगदी सरळ. बारा व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर, जाडी पिन, आतून मायनस. यावर पहिल्या तिन्ही दुकानांत एकच उत्तर मिळालं आणि ते उत्तर नव्हतं, प्रश्न होता. "चालवायचंय काय?"

"वाद्य आहे."

"कॅसिओ?"

तिसऱ्या दुकानात मी "हो, कॅसिओ" म्हणून टाकलं, तर तो म्हणाला कॅसिओला नऊ व्होल्ट लागतो, बारा लावला तर जळेल. घ्या.

चौथं दुकान जरा मोठं होतं. काउंटरला मालक, मागे पोऱ्या, भिंतीवर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही", आणि काउंटरच्या अलीकडे, म्हणजे गिऱ्हाइकांच्या बाजूला, एका स्टुलावर मांडीवर पेपर घेऊन बसलेले एक काका. पंच्याहत्तरीचे असतील, पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं. मला वाटलं मालकाचे वडील. नंतर कळलं दुकानाशी त्यांचा काडीचा संबंध नाही, ते मिक्सरचा कपलर न्यायला आले होते आणि तो अकरालाच मिळालेला होता. मी गेले तेव्हा दीड वाजला होता.

मालक म्हणाला, "ताई, आतून मायनस असं काही नसतं. सगळ्यांना आतून प्लसच असतो."

मी पेटीच्या मागचं चित्र दाखवलं. गोल, त्यात ठिपका, ठिपक्याला मायनस. त्यानं ते चष्मा काढून बघितलं, चष्मा घालून बघितलं, आणि म्हणाला, "मिस्टरांना फोन लावा."

"कशाला?"

"नाही, म्हणजे एकदा कन्फर्म करून घेऊ. तुम्ही घेऊन जाणार, मग ते म्हणणार हा नको होता, मग तुम्ही परत येणार. आपल्याकडे परत घेत नाही."

आता इथे मी तिथून निघून जायला पाहिजे होतं. पण चार दुकानं झाली होती, ऊन होतं, आणि खरं सांगायचं तर मला बघायचंच होतं आमचे हे काय म्हणतात ते. लावला फोन. मालकानं स्पीकरवर घेतला.

"सर, मॅडम इकडे आल्यात, ते वाद्याचा अ‍ॅडॉप्टर, आतून प्लस द्यायचा ना?"

पलीकडे शांतता. मग यांचा झोपाळू आवाज, "तिला विचारा ना."

"नाही सर, मॅडम मायनस म्हणतायत."

"मग मायनस द्या."

"सर, तुम्ही एकदा आठवून सांगता का?"

"अहो, मला त्यातलं काय माहीत? ती आहे ना तिथे उभी?"

मालकानं फोन माझ्याकडे परत दिला आणि पोऱ्याला अत्यंत दुःखी चेहऱ्यानं म्हणाला, "सर म्हणतायत मॅडमला विचारा." लग्नाला एकवीस वर्षं झाली, पण यांच्याबद्दल एवढा जिव्हाळा मला बऱ्याच दिवसांत वाटला नव्हता. तरी पण! बावीस वर्षं मी बँकेत आहे, लोकांचे कोटीकोटीचे कर्जाचे कागद माझ्या सहीनं पुढे जातात, आणि साडेतीनशे रुपयांच्या वस्तूला मला अनुमोदक लागतो. तोही दुपारी झोपलेला.

शेवटी पोऱ्यानं वरच्या फळीवरून एक काढला, मीटर लावून आतून मायनस आहे हे बघितलं (मालकानं बघितलं नाही), आणि मी म्हटलं इथेच लावून दाखवा, कारण परत घेत नाही ना तुम्ही. दुकानातल्या स्पीकरला जॅक जोडला. पेटी काउंटरवर. चालू केली.

या वाद्याचं असं आहे की ते माणसाच्या नुसत्या अंगाला दाद देतं. माझ्या घरी मागून कोणी चहा घेऊन आलं तरी सूर सरकतो. आणि हे तपकीर गल्लीत, शनिवारी, रस्त्यापासून दोन फुटांवर. हातगाडी गेली, उंऽऽईं. खोकी डोक्यावर घेऊन हमाल गेला, आऽऽऊं. एक बाई वाकून बघायला लागल्या तर त्यांच्या वाकण्याबरोबर किंचाळी अशी चढत गेली की त्या स्वतःच दचकून मागे झाल्या आणि किंचाळी त्यांच्याबरोबर खाली उतरली. पोऱ्या खूश. मालक म्हणाला, "खराब आहे ताई हे. अ‍ॅडॉप्टर चांगलाय."

तेव्हा स्टुलावरून आवाज आला, "खराब नाहीये. अर्थिंग नाहीये."

काका उठले. पेपरची चार घड्यांची घडी घातली, कपलर खिशात टाकला, आणि पेटीसमोर असे उभे राहिले की मला बाजूला व्हावं लागलं. "हे म्हणजे आपल्या रेडिओची शिट्टी हो! व्हॉल्व्हच्या सेटवर स्टेशन लावताना यायची ना, तीच. आम्ही नारायण पेठेत रेडिओ दुरुस्त करायचो, लोक पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन भरायचे तेव्हा." आणि मग त्यांनी मला माझंच वाद्य समजावलं. आत दोन ऑसिलेटर, म्हणजे विजेची कंपनं काढणारे, दोन्ही इतके वरचे की ऐकू यायचे नाहीत, एक जागचा हलत नाही, दुसरा तुमच्या हाताच्या कपॅसिटन्सनं हलतो, दोघांतला फरक तो सूर. "कळलं का?" मी म्हटलं मला माहीत आहे. ते म्हणाले, "नाही, सोपं करून सांगतो," आणि परत सांगितलं. कडीजवळ हात नेला की आवाज बंद होतो हे लक्षात आल्यावर म्हणाले, "जवळ गेलं की गप्प? आमच्या घरी उलटं आहे." मालक हसला, पोऱ्या हसला, मला वाटतं मागचा हमाल पण हसला.

मग त्यांनी पोऱ्याकडून हातभर वायर मागितली, एक टोक सोलून जॅकच्या धातूला गुंडाळलं, दुसरं टोक सोललं आणि माझ्यासमोर धरलं. "धरा जरा ही वायर."

"मी?"

"पेटी अधांतरी आहे ना, दोन पिनांचा अ‍ॅडॉप्टर. तिला टेकायला काहीतरी जडसं पाहिजे."

जडसं. बरं. धरली. आणि खरंच पेटी शांत झाली हो! म्हणजे रस्त्याला दाद देत होती, पण आधीसारखी पिसाळलेली नाही. काका खुंटी फिरवत फिरवत सूर खाली आणत गेले, घरघर, गुरगुर, मग काहीच नाही. "झिरो बीट," म्हणाले, म्हणजे दोघांतला फरक शून्य. मला हे जमायला पहिल्या वेळी चार दिवस लागले होते. "हलू नका ताई, तुम्ही हललात की सूर हलतो." मी हलले नाही. तपकीर गल्लीत मी अर्थिंग होऊन उभी राहिले आणि काकांनी बाह्या वर केल्या.

इथे जरा थांबून सांगते. हे वाद्य १९२० च्या सुमारास लेव तेरमेन नावाच्या रशियन माणसाला सापडलं, तो प्रयोगशाळेत वायूंची मोजमापं करत होता आणि हात हलवला की यंत्राची शिट्टी बदलते असं त्याच्या लक्षात आलं. १९२२ मध्ये त्यानं ते थेट लेनिनला वाजवून दाखवलं. लेनिन काय म्हणाला असेल? मी पण बघतो. तेरमेननं त्याचे हात धरून शिकवायला सुरुवात केली आणि मग लेनिन स्वतःच वाजवायला लागला. तेव्हापासून आजवर या पेटीसमोर आलेला एकही पुरुष "मी पण बघतो" म्हटल्याशिवाय हललेला नाही. आमच्या घरी आलेला गॅसवाला पण बघून गेला.

फरक एवढाच की काकांना आलं.

आधी सा. जरा हुडकला, पण सापडल्यावर तो हलला नाही. मग बोटं अशी हळूच उघडली आणि प. मधे मांजर वगैरे काही नाही. आणि मग त्यांनी आरतीची पहिली ओळ वाजवली. कोणत्या आरतीची ते पुण्यात विचारायचं नसतं. थोडी थरथरत, पण ओळखू येईल अशी, आणि त्या किनऱ्या, भुताटकीच्या आवाजात ती भर गल्लीत अशी काही लागली की एक स्कूटरवाला पाय टेकून थांबला, मालकानं फोन खाली ठेवला, आणि पोऱ्यानं, खोटं नाही सांगत, एका हाताने ताल धरला. मला टाळी वाजवता आली नसती. वायर होती हातात.

"वा काका!" म्हणाला मालक. मग माझ्याकडे बघून, "आता ताई तुम्ही."

मी वाजवलं. वायर आता पोऱ्याकडे. माझा सा आला, प पण आला, आणि काकांनी मान हलवली, "पंचम उतरलाय." आणि वर, "होतं असं. याला हात स्थिर पाहिजे. बायकांना घरच्या सतरा कामांची सवय, हात एका जागी राहत नाही."

मला सगळी उत्तरं मंडईत गाडी काढताना सुचतात. तिकीट शोधताना सुचलं की या वाद्यातली सगळ्यात मोठी वादक बाई होती, क्लारा रॉकमोर. व्हायोलिन वाजवायची, हातानं दगा दिला म्हणून ते सोडावं लागलं, मग थेरेमिन, आणि त्यात अशी पोचली की तिनं सांगितलं तसे तेरमेननं वाद्यात बदल केले, तीन सप्तकांचं पाच सप्तकांचं केलं. लग्नाची मागणी पण घातली त्यानं. ती नाही म्हणाली. हे सगळं मी त्या स्टुलासमोर किती छान म्हणू शकले असते! म्हणाले काय तर, "हो का. किती झाले?"

"साडेतीनशे. आणि पन्नास टेस्टिंगचे."

"टेस्टिंगचे कसले? वायर मी धरली होती."

मालकानं पन्नास सोडले. काकांनी पिशवी उचलून खांद्याला लावून दिली, रॉड कोणाच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून वरून पेपर गुंडाळून दिला, आणि "दोन पिनांच्या नादाला लागू नका, घरी अर्थिंग बघून घ्या, नव्या बिल्डिंगमध्ये तिसरं भोक नुसतं शोभेला असतं" असं बजावलं. चांगला माणूस होता हो. तेच तर. पूर्ण वाईट असता तर मला रागावून झोप तरी लागली असती.

रात्री जेवणं झाल्यावर मी दार लावून बसले, मोबाइलवर ट्यूनरचं अ‍ॅप उघडलं, सा घेतला, प घेतला. काटा बघितला. परत घेतला. परत बघितला.

उतरलाय. थोडासाच, पण उतरलाय.

यांनी बाहेरून विचारलं, "चालतोय का अ‍ॅडॉप्टर?" मी म्हटलं, हो, चालतोय. अर्थिंगसाठी इलेक्ट्रिशियनला फोन केलाय, तो मंगळवारी येतो म्हणाला, आणि साहेब घरी असतील ना, असं विचारत होता.