सैगल, पण तो नव्हे

पुतणीच्या हळदीत डीजेवाल्या पोराला मी एवढंच म्हटलं, "बाबा सेहगल लाव की रं."

पोरगं विशीतलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या पोटाकडं पाहिलं आणि अदबीनं म्हणालं, "काका, बाबा-महाराजांचं सकाळीच झालं. आता पब्लिक नाचाय उभं हाय."

१९९२ साली साताऱ्यात हे कुणी बोलून दाखवायचं होतं! रॅपर बाबा सेहगलचं 'ठंडा ठंडा पानी' नुकतंच आलं होतं. ते व्हॅनिला आइस या अमेरिकन रॅपरच्या 'आइस आइस बेबी'वरून उचललंय, हे आमच्यात कुणाच्या गावीही नव्हतं. राजवाड्यावर भेळ खाताना तिखट लागलं की एकजण तरी ते गाणं म्हणायचाच. मी तर कॅसेटचं कव्हर घेऊन सलूनमध्ये गेलो. बाजूचे केस साफ, वरचे ताठ, कापलेल्या कुंपणासारखे सपाट. मामांनी कव्हर लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं, "कळलं" म्हणाले आणि मशीन फिरवलं. परतताना पोवई नाक्यावर दोघांनी मला भरती कधी आहे म्हणून विचारलं. मामांचा तरी काय दोष? या जिल्ह्यातलं पोरगं बाजूचे केस उडवा म्हणालं, तर दुसरं कारण कुणाला सुचणार?

घरी वडिलांना सांगितलं, सेहगलची कॅसेट आणलीय. त्यांना अगदी भरून आलं. कुंदनलाल सैगल जाऊन ४५ वर्षं झाली, तरी पोराला गोडी लागली! आईला चहा टाकायला सांगितला, आवाज नको म्हणून पंखा बंद केला आणि डोळे मिटून बसले. गाणं सुरू झालं. मिनिटभरानं डोळे न उघडताच म्हणाले, "अगं, याला कुणीतरी पाणी द्या."

पुढं १९९५ मध्ये पॉप गायिका अलीशाचं 'मेड इन इंडिया' आलं, दलेर मेहंदी आला आणि बाबा मागं पडला. मग १९९७ मध्ये दलेरही 'मृत्युदाता'त अमिताभबरोबर नाचला. सिनेमानं एकेकाला असं पंगतीत ओढून घेतलं आणि बिगरफिल्मी गाण्यांचं वेगळं ताट मांडायची गरजच उरली नाही. 'मेड इन इंडिया'च्या व्हिडिओतला मिलिंद सोमण तेवढा टिकला. पुतणी त्याला ओळखते, पण "ते अनवाणी पळणारे" म्हणून.

असो. डीजेवाल्यानं शेवटी मोबाईलवर गाणं शोधलं. आधी गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात लागली. त्यावरही दोघं नाचले. मग गाणं लागलं आणि मांडव ओस पडला. हळदीनं पिवळा झालेला मी एकटाच मधोमध हात हलवत होतो. पायऱ्या आठवत होत्या, कंबर ऐकत नव्हती.

कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीतून वडिलांनी कानाचं यंत्र नीट केलं, जरा वेळ ऐकलं आणि शेजारच्याला मोठ्यानं विचारलं, "अजून मिळालं नाही होय याला पाणी?"