टपाला चिकटवला म्हणून अँटेना चालत नाही

"स्पायरल अँटेना साध्या पीसीबीवर (सर्किटच्या पाटीवर) छापून घ्या, गाडीच्या टपाला टेपनं चिकटवा. ४०० मेगाहर्ट्झ ते ६ गिगाहर्ट्झ सगळं पकडेल, तळहाताएवढा पुरतो." हा मेसेज लातूरच्या इंजिनिअरिंगच्या पोरांत फिरत फिरत आमच्या भाच्याकडं पोचला. त्यानं प्रोजेक्टचे पैसे त्यात घातले आणि मग फोन: "मामा, जीपवर सिग्नलच येईना." येणार कसा?

स्पायरल म्हणजे गुंडाळीसारखा वळत गेलेला अँटेना. तो पुढं आणि मागं सारखीच लाट फेकतो, आणि जसा फेकतो तसाच पकडतो. मागची लाट पत्र्यावर आपटून उलटी होऊन परतते आणि पुढचीला मारते. यावर त्याच मेसेजखाली कुणा शहाण्यानं तोडगा दिलाय, मध्ये अडीच सेंटिमीटर थर्माकोल घाला. थर्माकोल म्हणजे इथं जवळपास हवाच. आता बघा. ३ गिगाहर्ट्झला लाट १० सेंटिमीटरची, अंतर तिचा चौथा हिस्सा, झकास जमतं. ६ ला लाट ५ सेंटिमीटरची, तेच अंतर अर्धी लाट झालं, नेमकं समोरच्या दिशेला शून्य. ४०० मेगाहर्ट्झला लाट ७५ सेंटिमीटरची. तिच्यापुढं अडीच सेंटिमीटर म्हणजे चिकटवल्यातच जमा. म्हणून तर विमानाच्या अंगात असा अँटेना पोकळीत बसवतात आणि पोकळीत लाट शोषणारं मटेरियल भरतात. मागची अर्धी ताकद त्यात जळते, ३ डेसिबल गेले. याचा मेसेजमध्ये एक शब्द नाही.

तळहाताचं तर बोलूच नका. स्पायरलचा परीघ जिथं एका लाटेएवढा होतो तिथून तो फेकतो. ४०० मेगाहर्ट्झसाठी ७५ सेंटिमीटर परीघ म्हणजे सुमारे २४ सेंटिमीटर व्यास, चांगली ज्वारीची भाकरी झाली. आकार लहान केला की फ्रिक्वेन्सीचा रुंद पट्टा आणि कार्यक्षमता दोन्ही एकदम हाती लागत नाहीत, हे चू नावाच्या संशोधकानं १९४८ मध्येच 'जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्स'मध्ये गणितानं दाखवलंय.

५० ओहमची केबल थेट जोडा म्हणे. स्पायरलच्या दोन सारख्या हातांचा केबलशी मेळ घालणारा जोड, म्हणजे बालून, तो कोण लावणार?

एक गोष्ट मात्र मेसेजात खरी आहे, नाइलाजानं मान्य करतो: जाड पॅचला (पत्र्यावर बसवायच्या चपट्या अँटेनाला) यू आकाराची खाच पाडली तर पट्टा ३० टक्क्यांच्या आसपास जातो. पण ४०० ते ६००० म्हणजे १५ पट, ते वेगळंच गाव.

भाच्याला विचारलं, तुला पकडायचंय काय? म्हणे जीपीएस आणि वायफाय. मग उगं १५ पटीच्या मागं कामून लागलास? दोन साधे पॅच घे. त्यांना खाली पत्रा चालतो, उलट लागतोच. टपात खळगा करून बसव, वर झाकण प्लॅस्टिकचं, पत्र्याचं नाही.