चमको, आमची ओटी आणि दोघांच्या थापा

'चश्मे बद्दूर' मी पहिल्यांदा पाहिला तो गणपतीत, आंजर्ल्याच्या आमच्या घराच्या ओटीवर. मुंबईची मंडळी आली की दापोलीहून भाड्याने व्हीसीआर यायचा आणि रात्रभर सिनेमे चालायचे. दोन मारामारीच्या सिनेमांच्या मध्ये आत्तेभावाने हा घुसवला होता. पोरं कंटाळून झोपली. मी, आई, काकू आणि शेजारची माझी मैत्रीण मात्र शेवटपर्यंत जाग्या होतो.

काल भाचीसोबत पुन्हा पाहिला. बाहेर धो धो पाऊस.

सिनेमा १९८१चा, दिल्लीतला. तरी मला तो घरचाच वाटतो. दिग्दर्शिका सई परांजपे यांचे आजोबा, रँग्लर परांजपे, आमच्या शेजारच्या मुर्डीचे. १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, आलेले. लहानपणी आम्हाला त्यांची गोष्ट सांगत, नात सिनेमे काढते हे कुणी सांगितलं नव्हतं.

कपडे धुण्याची चमको पावडर विकायला आलेली दीप्ती नवल आणि तिच्यासमोर अवघडून बसलेला फारुख शेख. एका बादलीभर फेसाभोवती दोन माणसं एकमेकांना आवडायला लागतात. ना पाठलाग, ना धमकी, ना हात धरणं. पुढे टूटीफ्रूटी आइस्क्रीम. हिंदी सिनेमात प्रेम इतक्या सभ्यपणे, इतकं सावकाश होताना मी फार थोड्या वेळा पाहिलंय.

पण मला बोलायचंय ते फारुखच्या खोलीवरच्या त्या दोन मित्रांबद्दल. रवी बासवानी आणि राकेश बेदी. दोघंही आधी तिच्यावर डाव टाकायला जातात, तोंडघशी पडतात आणि खोलीवर येऊन फुशारक्या मारतात. त्या थापा सई परांजपे गाण्यांसकट रंगवून दाखवतात आणि आपण पोट धरून हसतो. मग तिसरा, फारुख, खरंच तिच्या प्रेमात पडतो. आता खरं सांगितलं तर अब्रू जाणार, म्हणून त्याच थापा खऱ्या म्हणून त्याच्या गळी उतरवल्या जातात. मुलगी वाईट ठरते. ज्या गोष्टीवर अर्ध्या तासापूर्वी आपण हसलो, तीच तिच्या जिवावर उठते. हे लिहिणारी बाई फार हुशार आहे, आणि माणसं तिला नीट कळलेली आहेत.

शेवटचा अपहरणाचा गोंधळ मला आजही लांबलेला वाटतो. त्याऐवजी फारुख आणि दीप्ती समोरासमोर बसून बोललेले मला पाहायचे होते.

भाचीने मध्येच विचारलं, "मावशी, पण त्याने तिलाच का नाही विचारलं?"

माझ्या त्या मैत्रिणीचं लग्न पुढच्याच वर्षी ठरलं होतं. साखरपुडा झालेला. ती रोज एसटीने दापोलीला कॉलेजला जायची. स्टँडवर बसणाऱ्या कुणीतरी कुणालातरी काहीतरी सांगितलं. मुलाकडून निरोप आला तो नकाराचाच. तिला विचारायला कुणी आलं नाही, त्या घरातलं नाही आणि आमच्या गावातलंही नाही. मीसुद्धा तेव्हा गप्प राहिले, आणि ते मला अजून टोचतं.

त्या रात्री ओटीवर दोघांच्या थापांना सगळ्यात मोठ्याने तीच हसली होती.